आत्याबाईंचं कालनिर्णय

२००९ च्या नोव्हेंबरात आम्ही कराडहून पुण्याला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एमआरआयची पाकिटं होती, ईईजीचे गठ्ठे होते, तीन गावांतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. आत्याबाईंच्या पिशवीत बारा कालनिर्णयं होती. गुंडाळून सुतळीनं बांधलेली, वरच्या पत्र्याच्या पट्ट्या गंजलेल्या. एसटीत त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मला लाज वाटत होती. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढं ही भिंतीवरची रद्दी उलगडायची म्हणजे काय, असं मी यांना हळूच म्हटलंही. हे खिडकीबाहेर बघत राहिले. आईच्या पिशवीबद्दल बोलायचं नाही, हे ते लहानपणीच शिकले असावेत.

डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या होत्या. फाइल चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "महिन्यातून किती वेळा येतात झटके?"

"दोन-तीन," मी म्हटलं.

"खोटं," मागून आवाज आला. आत्याबाई सुतळीची गाठ दातांनी सोडत होत्या.

मी कमी सांगायचे हे खरंच. अपस्माराचा माणूस कमीच सांगतो. आधी लाजेनं, मग सवयीनं, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं म्हणून. ज्याला झटका येतो तो त्या वेळी तिथं नसतो. माझ्या आयुष्यातली ती सगळी मिनिटं दुसऱ्यांनी पाहिली आहेत, मी एकही पाहिलेलं नाही. बारा वर्षांची अशी मिनिटं आत्याबाईंनी त्या टेबलावर पसरली.

त्या कालनिर्णयांवर दुधाचे आकडे होते, सिलिंडर आल्याच्या तारखा होत्या, भांडीवालीचे खाडे होते. कुणाच्याही घरी असतात तसे. आणि त्यांच्या मधूनमधून टिकल्या होत्या. लाल, मरून, काळ्या, एका मार्च महिन्यात हिरवी खड्याची. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पान जवळ घेतलं.

"हे काय आहे, आजी?"

"ती पडली की टिकली पडती," आत्याबाई म्हणाल्या. "ती उचलायची आन् लावायची."

एवढंच होतं. मला झटका आला की मी बहुतेक डाव्या अंगावर जायचे आणि त्या धडपडीत कपाळावरची टिकली निघायची. कधी फरशीवर सापडायची, कधी उशीवर, एकदा आमटीच्या पातेल्याच्या झाकणावर. आत्याबाई आधी मला कुशीवर करायच्या, तोंडाला आलेला फेस पदरानं टिपायच्या, भान येईपर्यंत पाण्याचा थेंबही न देता नुसत्या शेजारी बसून राहायच्या. सगळं निवलं की वाकून टिकली शोधायच्या आणि दारामागे जाऊन त्या दिवसाच्या तारखेला चिकटवायच्या. लिहिता येत नव्हतं असं नाही, चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पण पेन कधी जाग्यावर सापडत नाही आणि टिकली तिथंच पडलेली असते, हा त्यांचा हिशेब. त्यांचं स्वतःचं कपाळ तेव्हा मोकळं होतं. मामंजींना जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

दिवसा पडले तर टिकली आकड्याच्या वर. झोपेत आला तर आकड्याच्या खाली. रात्रीची टिकली कपाळावर नसायची, मग आरशावर चिकटवून ठेवलेल्यांतली एक काढायची. न पडता नुसती हरवले, म्हणजे लाटणं हातात धरून मिनिटभर शून्यात बघत ओठ चाटत राहिले, तर पेन्सिलीचा ठिपका. आणि महिन्याचे ते चार दिवस एका बारीक 'क'नं. क म्हणजे कावळा. डॉक्टर बराच वेळ एकेक महिना उलटत राहिल्या. मग त्यांनी 'क'च्या आसपास दाटलेल्या टिकल्यांवर बोट ठेवून मला विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं होतं?" नव्हतं आलं. पाळीच्या आगेमागे झटके वाढण्याचा एक प्रकार असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आत्याबाईंना ते २००० सालापासून माहीत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. आमच्याकडं सगळे म्हणायचे की हे फेफरं अवसे-पुनवेला उठतं. कालनिर्णयावर अवस-पुनव छापलेलीच असते. आत्याबाईंनी पहिल्या दोन वर्षांच्या टिकल्या त्या खुणांशी ताडून बघितल्या आणि उपाय सांगायला आलेल्या एका बुवाला दारातच सांगितलं, "अवसेला दोन, बाकीच्या तीस. तुमची अवस काय कामाची न्हाई."

मी त्या घरात आले ते १९९७ च्या मे महिन्यात, फसवून. दुसरा शब्द नाही. झटके तेराव्या वर्षापासूनचे, आणि माझ्या आईवडिलांनी ते सांगितले नव्हते. गोळ्यांची बाटली मी रुखवताच्या डब्यात तळाशी ठेवून आणली होती. गौरीच्या हळदीकुंकवाला, घर बायकांनी भरलेलं असताना, मी हातातल्या ताटासकट कोसळले. कुणीतरी चप्पल आणली, कुणी कांदा फोडला. आत्याबाईंनी चप्पल आणणारीचा हात बाजूला केला आणि मला कुशीवर वळवलं, असं पुढं मला नणंदेनं सांगितलं.

पंधरा दिवसांनी एक चुलत सासरे वकिलाला भेटून आले. कायदा त्यांच्या बाजूचा होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली एक दुरुस्ती झाली होती. वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीशी झालेलं लग्न त्या कलमाखाली कोर्टातून रद्द करून घेता येई. वेड आणि अपस्मार, दोन्ही एकाच ओळीत. अपस्मार हा शब्द त्या ओळीतून गेला १९९९ साली. म्हणजे माझ्या बाबतीत दोन वर्षांनी उशीर. मी आतल्या खोलीत ट्रंक भरायला घेतली होती. बाहेर आत्याबाई काय बोलल्या ते मी दाराआडून ऐकलं आणि ते तेवढंच होतं: "तिच्या आईबापानं लपवलं, तिनं न्हाई. पोर आजारी हाय तर दवाखान्यात न्यायची का कोर्टात?"

मग त्या आत आल्या. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "गोळ्या कुठं हायत? दाखव." बाटली हातात घेऊन त्यांनी मोजल्या. पुढच्या जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं आणि त्या महिन्याच्या सहा तारखेला पहिली टिकली.

त्या बारा वर्षांत मी पाच औषधं घेतली. फेनिटॉइननं हिरड्या सुजून दातांवर आल्या. एका गावातल्या डॉक्टरांनी त्याची मात्रा वाढवत नेली ती मी दारू प्यायल्यासारखी चालायला लागेपर्यंत. तेव्हा आत्याबाईंनीच गोळ्यांची पुडी त्यांच्या टेबलावर परत नेऊन ठेवली. कार्बामाझेपिनवर दीड वर्ष बरं गेलं. व्हॅल्प्रोएटनं केस गेले आणि वजन आलं. लेव्हेटिरासेटामनं मी चिडकी झाले; हे म्हणतात, फरक कळला नाही. क्लोबाझामवर मी फळ्यासमोर उभ्या-उभ्या पेंगायचे. मधे लेक झाली, तिला वर्षभर आत्याबाईंनीच न्हाऊमाखू घातलं, मला पाण्याजवळ एकटीला जाऊ दिलं नाही. ते सगळं लिहायला बसले तर तेच वेगळं पुस्तक होईल.

लपवण्याची सवय मात्र लवकर गेली नाही. २००६ साली एकदा शाळेतून येताना एसटी स्टँडवर पडले. कुणा अनोळखी बाईनं बाकावर बसवलं, चहा पाजला. घरी येऊन मी काही बोलले नाही, साडी बदलली, कुकर लावला. आत्याबाई माझ्याकडं बघत भाजी निवडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्या तारखेवर टिकली होती आणि तिच्याशेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह. कपाळ कोरं घेऊन मी घरात शिरले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पुण्याला मला पाच दिवस दाखल करून घेतलं. औषधं कमी करत नेऊन, डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून झटक्याची वाट बघायची. घरी जो येऊ नये म्हणून गोळ्या खायच्या तो तिथं यावा म्हणून सगळे ताटकळत बसलेले. सोबतीला आत्याबाई होत्या, कालनिर्णय उशाशी. चौथ्या दिवशी एक घोळ झाला. नर्सच्या नोंदीत झटका बारा तारखेचा, पहाटे तीन चाळीसचा. आत्याबाईंची टिकली अकरा तारखेखाली. डॉक्टरांना वाटलं, एक झटका नोंदवायचा राहिला. त्यांनी सगळं रेकॉर्डिंग मागं नेऊन बघितलं, अकराला काही सापडेना. शेवटी आत्याबाईंना विचारलं.

"बारा तारीख?" त्या म्हणाल्या. "आवो, तवा उजाडलं कुठं व्हतं?"

डॉक्टर हसल्या, आणि मग हसता-हसता थांबून त्यांनी बाराच्या बारा वर्षांतल्या आकड्याखालच्या टिकल्यांजवळ एक छोटीशी खूण केली.

निदान असं निघालं की ठिणगी मेंदूच्या दोन्ही बाजूंनी पडते, दोन्ही कानशिलांच्या आतून. एकाच बाजूनं, एकाच जागेतून पडत असती तर तो भाग शस्त्रक्रियेनं काढून टाकता आला असता, आणि तो सर्वांत चांगला उपाय असतो. माझ्या बाबतीत तो रस्ता बंद होता. आणि औषधांचाही जवळपास बंदच. दोन योग्य औषधं योग्य मात्रेत घेऊनही झटके थांबले नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार धरतात. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी या डॉक्टरांनी ५२५ रुग्णांचा मागोवा घेऊन २००० साली दाखवलं होतं की झटके थांबायचे तर बहुतेकांचे पहिल्या नाहीतर दुसऱ्या औषधानंच थांबतात; पुढं आशा झपाट्यानं कमी होत जाते. दर तिघांतला एक जण मागं उरतो. मी त्या तिसऱ्यातली. पाचवं औषध घेताना मला वाटायचं, मीच पथ्यात कुठंतरी कमी पडते आहे. त्या दिवशी ते ओझं उतरलं.

मग डॉक्टरांनी व्हेगस नर्व्हबद्दल सांगितलं. मेंदूतून निघून मानेतून खाली उतरणारा, घसा, हृदय, फुप्फुसं, पोट असा सगळीकडं हिंडणारा एक मज्जातंतू. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच भटका. मानेत डावीकडं त्याच्याभोवती एक बारीक तार गुंडाळायची, गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत मारी बिस्किटापेक्षा जरा लहान, जरा जाड असं बॅटरीचं यंत्र बसवायचं. ते दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट त्या मज्जातंतूला वीज देत राहतं. त्यातले बहुतेक तंतू खालून वर, मेंदूकडं निरोप नेणारे असतात, म्हणून मेंदूला हात न लावता मेंदूपर्यंत पोचता येतं. डावीकडंच का, तर उजवा हृदयाची लय ठरवणाऱ्या जागेशी जास्त बांधलेला. झटके नेमके कशानं आवरतात हे अजून शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही. हे डॉक्टरांनी लपवलं नाही, आणि हेही सांगितलं की साधारण निम्म्या लोकांचे झटके निम्म्यावर येतात, पूर्ण थांबणारे फार थोडे, आणि गुण यायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मी सगळं यांना आणि आत्याबाईंना पुन्हा आपल्या भाषेत सांगितलं. आत्याबाईंनी भटक्या नसेचं ऐकून घेतलं. "म्हंजी धनगराच्या वाटंगत," त्या म्हणाल्या. "समद्या गावांतनं जाती." मग म्हणाल्या, "आदी कुणावर करून बघितलं?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधलं. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेकब झबारा यांनी हे कुत्र्यांवर करून पाहिलं होतं. औषध टोचून त्यांना झटके आणायचे आणि व्हेगसला वीज देऊन ते थांबतात का बघायचं. माणसाला पहिलं यंत्र बसलं ते १९८८ साली, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अपस्मारासाठी परवानगी दिली १९९७ च्या जुलैत. माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते आणि गोळ्यांची बाटली अजून रुखवताच्या डब्यात होती.

कुत्र्यांचं ऐकून आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या कुत्र्यांची भाकरी बदलली. आधी उरलीसुरली, शिळी जायची. आता रोज सकाळची पहिली भाकरी तव्यावरनं उतरवून, निववून, त्यांना. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, ती कुत्री अमेरिकेतली. "मंग?" त्या म्हणाल्या. "हितल्यांनी काय केलंय?"

यंत्राचा खर्च एका छोट्या मोटारीइतका होता. आमच्याकडं मोटार नव्हती, त्यामुळं विकताही येईना. माझ्या शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढलं. जामीनदार म्हणून गणिताच्या आणि पीटीच्या सरांनी सह्या केल्या, कारण न विचारता. ते कर्ज साठ हप्त्यांत फिटलं. 'फिट' आणि 'फिटणं' या दोन शब्दांवरून आमच्या घरात यांचे काही विनोद आहेत. ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

२०१० च्या मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, ऑपरेशन झालं. दोन तास. मानेच्या घडीत एक छेद, छातीवर एक. त्या दोन तासांत बाहेरच्या बाकावर आत्याबाईंनी यांना एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी पोटच्या पोरालाही आजवर सांगितली नव्हती. त्यांना एक धाकटा भाऊ होता. असाच पडायचा. नऊ वर्षांचा असताना विहिरीवर गेला आणि परत आला नाही. "किती येळा पडला त्ये कुणी मोजलं न्हाई," एवढंच म्हणाल्या म्हणे. हे मला यांनी सांगितलं तेही पुढं चार-पाच वर्षांनी.

पंधरा दिवसांनी यंत्र सुरू केलं. डॉक्टरांनी हातातल्या छोट्या कॉम्प्युटरला जोडलेली एक कांडी माझ्या छातीवर धरली, पाव मिलिअँपियर. घशात कच्ची चिंच चिकटल्यासारखं झालं आणि मी खोकले. पुढं दर भेटीला पाव-पाव वाढवत नेलं. आणि एक लोहचुंबक दिलं, मनगटाला बांधायचं. झटक्याची चाहूल लागली, मला लागते ती जत्रेतला पाळणा वर जाताना पोटात होतं तशी, की चुंबक छातीवरच्या यंत्रावरून एकदा फिरवायचं. यंत्र ठरलेली वेळ सोडून लगेच वीज देतं. कधी तेवढ्यानं झटका तिथंच मुरतो, कधी लहान होऊन जातो, कधी काहीच होत नाही. मला जमलं नाही तर दुसऱ्यानं फिरवायचं.

आत्याबाईंनी ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मीठ-मोहऱ्या उतरवतात तसं, तीनदा, वर्तुळात, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना कळलं. त्यांनी नीट समजावलं की आजी, सरळ, एकदाच, आणि हात तिथं ठेवून द्यायचा नाही, चुंबक तिथंच राहिलं तर यंत्र उलट बंद पडतं. आत्याबाईंनी मान डोलावली. त्यानंतर त्या सरळ एकदाच फिरवायच्या. उरलेल्या दोन फेऱ्या मग बाजूला हवेत.

चुंबक माझ्या मनगटावर राहायचं नाही, भांडी घासताना मी काढून ठेवायचे, आणि म्हणून त्यांनी दुसरं चुंबक स्वतःच्या कनवटीला लावलं. ते बाहेर काढलं की त्याला रुपयाची नाणी, सेफ्टीपिना, एकदा तर सुई दोऱ्यासकट चिकटलेली. यांचं एटीएम कार्ड त्या चुंबकाजवळ राहून वाया गेलं. बँकेत कारण सांगताना यांची झालेली फजिती हा आत्याबाईंचा आवडता किस्सा झाला.

आवाज मात्र गेला. गेला म्हणजे दर पाच मिनिटांनी जातो, अर्ध्या मिनिटासाठी. स्वरयंत्राकडं जाणारी नस त्याच व्हेगसची फांदी, त्यामुळं वीज आली की आवाज घोगरा होतो. हिशेब केला तर दिवसात दोनशे बासष्ट वेळा. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही. पहिल्या वर्षी मी कविता शिकवताना मधेच फळ्याकडं वळून काहीतरी लिहीत राहायचे. मग आठवीच्या पोरांनीच शोध लावला की पस्तीस मिनिटांच्या तासात बाई सहा वेळा थांबतात, आणि त्या सहा वेळांची ती वाट बघायला लागली, कारण तेवढ्यात शेजाऱ्याशी बोलून घेता येतं.

घरी निराळं झालं. दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची आत्याबाईंची रीत. त्यांची नजर अधू झाल्यापासून पुस्तक माझ्याकडं असायचं. खरं तर पुस्तकाची गरज त्यांना नव्हती, सगळं पाठच होतं, पण कुणीतरी वाचलेलं ऐकायला त्यांना आवडायचं. यंत्र बसल्यावर पहिल्या संध्याकाळी मधेच माझा आवाज फाटला. मी थांबले. त्यांनी डोळे न उघडता तिथूनच पुढं उचललं. अर्ध्या मिनिटानं माझा गळा मोकळा झाला, त्या गप्प झाल्या, मी पुढं वाचायला लागले. पुढची नऊ वर्षं आमच्याकडं हरिपाठ असाच दोन आवाजांत झाला. कुठल्या ओळीवर त्यांचा आवाज येईल हे रोज वेगळं, कारण यंत्राला अभंग कळत नाही.

दर ३१ डिसेंबरला रात्री जेवणं झाली की आत्याबाई कालनिर्णय खिळ्यावरून उतरवायच्या आणि टिकल्या मोठ्यानं मोजायच्या. २००९ च्या अठ्ठावन्न. २०१० च्या एकोणपन्नास, आणि मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. एवढं कर्ज, एवढं कापणं, आणि नऊ टिकल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीण दोन वर्सं म्हणली व्हती. एक झालं." २०११ च्या एकतीस. २०१२ च्या बावीस. २०१३ ला पुन्हा चोवीस झाल्या तर त्यांनी बावीस म्हणून सांगितलं नाही, चोवीसच म्हणाल्या. शून्य कधी आलं नाही, येईल असं मला आता वाटतही नाही. गोळ्याही तीनाच्या दोन झाल्या, थांबल्या नाहीत. पण आकड्याखालच्या टिकल्या जवळजवळ संपल्या. त्या जास्त घाबरायच्या त्या रात्रीच्यांनाच. झोपेत आलेल्या झटक्यात माणूस क्वचित जातोही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच कळलं होतं, मी विचारलं नाही.

२०१८ साली बॅटरी संपत आली. नव्या यंत्रात अशी सोय होती की हृदयाचे ठोके एकाएकी वाढले तर ते स्वतःहूनच वीज देतं, कारण पुष्कळांच्या झटक्यात ठोके आधी धावतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "ही मेल्यावर ह्याचं काय करायचं?" हे चपापले. डॉक्टर चपापल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की अग्नी द्यायच्या आधी यंत्र काढून घ्यावं लागतं, बॅटरी असते, आगीत फुटते. आत्याबाईंनी ते कालनिर्णयाच्या मागच्या पानावर यांच्याकडून लिहून घेतलं, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून. परत येताना गाडीत म्हणाल्या, "म्या आदी जाते. हे काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

त्या मार्गशीर्षात गेल्या, २०१९ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी. सकाळची भाकरी कुत्र्यांना टाकून आत आल्या, खांबाला टेकून बसल्या. मी शाळेत होते. कनवटीतलं चुंबक यांनी काढून देवघरात ठेवलं. त्याला दोन रुपयाचं नाणं चिकटलेलं होतं, ते अजून तसंच आहे.

पुढं हे झटक्यांची नोंद मोबाइलमध्ये ठेवायला लागले. डॉक्टरांना आलेख पाठवता येतो, सोयीचं आहे. दारामागचं कालनिर्णय दूध आणि सिलिंडर यांच्यापुरतं उरलं.

गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आली होती. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून मी उटणं कालवत होते, झोप नीट झाली नव्हती, आणि पाळणा वर गेला. पुढचं मला ठाऊक नाही. भानावर आले तेव्हा कुशीवर होते, डोक्याखाली उशी होती, लेकीच्या हातात चुंबक. बाहेर पोरं फटाके उडवत होती. ती बराच वेळ बसून राहिली, पाणी दिलं नाही. मग उटण्याच्या वाटीपलीकडं पडलेली माझी टिकली तिनं नखानं उचलली आणि दारामागे गेली.

"कुठं लावलीस?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कालच्या तारखेवर," ती म्हणाली. "अजून उजाडलं कुठं आहे?"